बंद म्हणजे किती बंद?

नीतिशास्त्र हा विषय मी कॉलेजात एकतीस वर्षं शिकवला. त्यामुळे समाजाची नीती किती सुधारली हे समाजालाच विचारायला हवं. माझी परिस्थिती मात्र पेन्शनपुरती सुधारली. निवृत्त झालो त्या दिवशी कर्तव्य आणि अकर्तव्य यांचे सगळे कागद स्टाफरूमच्या कपाटात ठेवले, किल्ली शिपायाच्या हवाली केली आणि मोकळा झालो. आता नैतिक पेच म्हणावा असा एकच उरला होता: सकाळी दूध आणायला मी जायचं की हिनं. आणि तोही आमच्या घरात चाळीस वर्षांपूर्वीच, माझं मत न विचारता, सुटलेला आहे.

त्यामुळे वयाच्या बहात्तराव्या वर्षी नीतिशास्त्र पुन्हा माझ्यापुढे उभं राहील, आणि तेही स्वयंपाकघराच्या भिंतीतून बाहेर येऊन उभं राहील, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

सुरुवात झाली ती सूनबाईंच्या एका साध्या वाक्यानं. "बाबा, ओटा खिडकीखाली नेला तर?" सुशिक्षित घरात सून असं प्रश्नार्थक बोलते. त्याचा अर्थ दगड पसंत करून झालेला आहे, मिस्त्री ठरलेला आहे आणि सोमवारपासून काम सुरू होणार आहे, एवढाच असतो. आमची ही त्या ओट्यापाशी पंचेचाळीस वर्षं उभी राहिली. ती काहीतरी विरोध करील अशी मला आशा होती. पण ती म्हणाली, "बरं होईल. निदान पोळ्या करताना कोण कुणाकडे आलं-गेलं ते तरी दिसेल." झालं! ओट्याचं स्थलांतर एकमतानं मंजूर झालं. घरातल्या ठरावांना माझं मत लागत नाही. माझी उपस्थिती पुरते.

आता ओटा खिडकीखाली गेला की शेगडी तिकडे जाणार, आणि शेगडी गेली की तिच्या मागोमाग गॅसची नळी जाणार. आमच्याकडे नळानं येणारा नैसर्गिक वायू आहे. मीटर स्वयंपाकघराच्या दाराशी आणि तिथून पिवळी नळी पूर्वेच्या भिंतीवरून जुन्या ओट्यापर्यंत. रीतसर अर्ज केला. फिटर आला. पोरगेलासा मुलगा, आयटीआय झालेला, बावीस-तेवीस वर्षांचा, मला 'काका' म्हणणारा. त्यानं मीटरजवळ एक टी बसवली आणि तिथून नवी फांदी काढून खिडकीपर्यंत नेली. जुनी फांदी तो लगेच कापणार होता, पण ही मध्ये पडली. "अरे, नवा दगड बसायला दोन दिवस आहेत. तोवर आम्ही काय हवा खायची? जुनी शेगडी राहू दे चालू."

"राहू दे," तो म्हणाला, "पण काकू, दगड बसला की मला फोन करा. ही जुनी फांदी मी टीपासून काढणार. तोपर्यंत तिच्यावर काही झाकू नका." मग त्यानं पिशवी उघडली आणि म्हणाला, "आता यू-ट्यूब लावून बघू."

माझ्या पोटात गोळा आला. हल्ली पुरणपोळीपासून हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळं त्या यूट्यूबवर बघून करतात हे ऐकून होतो. पण गॅसची नळी जोडून झाल्यावर ती कशी जोडावी हे बघणारा माणूस आपल्याच नशिबी यावा? पण त्यानं काढली ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली, पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक तोंड गॅसच्या नळीला, दुसरं उघडं. शेगडीपाशी गॅसचा दाब साधारण २१ मिलिबार असतो, म्हणजे त्या यूमधलं पाणी एका बाजूला दुसऱ्या बाजूपेक्षा एकवीसेक सेंटिमीटर वर उभं राहतं. कॉक बंद करून पाणी खाली उतरतंय का ते पाहायचं. उतरलं तर कुठंतरी गळती आहे. इतकं प्रामाणिक यंत्र मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आमच्या विद्यापीठात परीक्षा घ्यायला असं काही असतं तर पुष्कळ गोष्टी उजेडात आल्या असत्या.

पाणी तसूभरही हललं नाही. पोरगा समाधानानं चहा पिऊन गेला.

दोन दिवसांनी नवा दगड बसला. शेगडी खिडकीखाली गेली. मी फिटरला फोन केला. त्याला सोमवारशिवाय वेळ नव्हता. दिवस गुरुवार. म्हणजे चार दिवस थांबणं आलं. आणि नेमका त्याच दिवशी सुतार कपाट घेऊन दारात उभा. वाचकांपैकी ज्यांनी घरात सुतारकाम काढलं असेल त्यांना मी अधिक काय सांगू? दारात उभा असलेला सुतार परत पाठवणं म्हणजे पिकाच्या तोंडावर पाऊस परत पाठवणं. तो पुन्हा कधी येईल हे त्यालाही सांगता येत नाही.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, त्या जुन्या नळीचं काय एवढं? कॉक बंद केलाय. कपाट उभं करू, नळी जाईल मागं. कोण बघतंय?"

कोण बघतंय! प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये नेमका हाच प्रश्न आहे. एका मेंढपाळाला एक अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला वळवला की तो अदृश्य होतो. मग पुढं तो काय काय करतो, राणीला फितवून राजाला कसा मारतो, ते सगळं तिथं आहे. प्रश्न असा, की कोणी बघतच नसेल तर माणूस नीतीनं का वागेल? ही गोष्ट मी एकतीस वर्षं, दर जूनमध्ये, रंगवून सांगितली. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न म्हणून मुलंही मन लावून ऐकायची. आणि आज मिस्त्री मला तीच अंगठी देत होता. फक्त त्याच्या अंगठीला प्लायवूडचं पाठबळ होतं आणि वर सनमायका.

मी म्हणालो, "कॉक नीट बंद आहे ना?"

तो म्हणाला, "घट्ट."

मी म्हणालो, "मग काही हरकत नाही."

एकतीस वर्षांचं नीतिशास्त्र साडेतीन सेकंदांत संपलं. राजवाडा नको, राणी नको. सुतार परत जाऊ नये एवढ्यासाठी.

पूर्वेच्या भिंतीच्या अर्ध्या भागावर कपाट उभं राहिलं. उरलेल्या अर्ध्या भागावरच्या जुन्या टाइल्स गवंडी छिन्नीनं फोडत होता. शनिवारी दुपारी, म्हणजे माझ्या वामकुक्षीच्या ऐन वेळी, टण्ण असा आवाज झाला. दगडावर छिन्नी पडली तर आवाज वेगळा येतो. हा धातूचा होता. गवंडी ओरडला, "साहेब, आत नळ आहे! गॅसचा वाटतो!"

पुढची दहा मिनिटं आमच्या घराण्याच्या इतिहासात कोरली गेली आहेत. हिनं खिडक्या उघडल्या. सूनबाईंनी मीटरजवळची चावी बंद केली. चिरंजीव दिवा लावून बघायला निघाले तेवढ्यात ती किंचाळली, "बटणाला हात लावू नका!" ते बरोबरच होतं, बटणातल्या ठिणगीएवढी आग अशा वेळी पुरते. हवेत ह्या वायूचं प्रमाण शेकडा पाच ते पंधरा झालं की ते मिश्रण पेट घ्यायला टपलेलं असतं. मी नेमकं काय केलं हे मला आठवत नाही. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी "शांत राहा, शांत राहा" असं ओरडत चष्मा शोधत होतो, आणि चष्मा नाकावर होता. एवढ्यात गडबड ऐकून शेजारचे आप्पा चौकशीला आले. त्यांची पूजा नुकतीच आटोपली होती, आणि हातात दोन पेटत्या उदबत्त्या होत्या. आमच्या हिनं पन्नास वर्षांचा शेजारधर्म बाजूला ठेवून आप्पांना ज्या शब्दांत जिन्याखाली घालवलं, ते शब्द तिला येतात हे मला पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं.

जिन्यात उभं राहून फिटरला फोन केला. शनिवार होता, तरी पोरगा अर्ध्या तासात आला. खोक्यातलं वास हुंगणारं यंत्र त्यानं आधी छताजवळ फिरवलं. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. सिलिंडरचा जड, तो जमिनीवर साचतो. यंत्र गप्प होतं. मग त्यानं छिन्नी लागली होती तिथला गिलावा हातानं बाजूला केला. "काका, ही आमची लाइन नाही. लोखंडी आहे, फार जुनी. डेड लाइन दिसते."

"डेडलाइन कधीची?" मी विचारलं. कामाच्या मुदतीशिवाय दुसरी डेडलाइन मला माहीत नव्हती.

"मुदत नाही हो. मेलेली लाइन. जिच्यात आता गॅस नाही ती डेड. आणि ही बघा, तिला पाटी बांधलीय."

तारेनं बांधलेला पत्र्याचा एक तुकडा त्यानं पुढं केला. चिकटलेला चुना मी अंगठ्यानं पुसला. खाली पांढऱ्या ऑइलपेंटची अक्षरं होती. आणि ती अक्षरं मी ओळखली. ते वळण मी माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर सहीच्या जागी पाहिलं होतं.

'कोळशाच्या गॅसचा जुना नळ. सन १९७४ त तोडला. दोन्ही तोंडांस बुचे मारली आहेत. तरी तपासावे.'

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८६५ साली. तो वायू दगडी कोळशापासून तयार व्हायचा. लालबागला त्याचा कारखाना होता, आणि तिथल्या एका गल्लीला आजही गॅस कंपनी लेन म्हणतात. पुढं दिवे विजेचे झाले, पण तो वायू काही भागांत स्वयंपाकघरांत जाऊन पोहोचला. आमच्या गिरगावातल्या ह्या घरात माझी आई त्याच्यावर स्वयंपाक करायची. १९७४ साली, कित्येक वर्षं यादीत नाव लावल्यानंतर, आमच्याकडे सिलिंडर आला आणि तो नळ निकामी झाला.

बाबा रेल्वेत मालधक्क्यावर कारकून. आयुष्यभर दुसऱ्याच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्यामुळे की काय, घरातसुद्धा त्यांना चिठ्ठीशिवाय वस्तू पाहवत नसे. डाळीच्या डब्यावर 'तूर', फ्यूजवर 'मागची खोली', औषधाच्या बाटलीवर 'बाहेरून लावण्याचे. पिऊ नये.' एका किल्लीला बांधलेला कागद तर आमच्याकडे अजून आहे: 'ही किल्ली कशाचीच नाही. तरी टाकू नये.' तो नळ तोडला त्या दिवशीही ते स्टुलावर बसून ह्या पत्र्यावर ब्रश चालवत होते. मी तेवीस वर्षांचा, नुकताच तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेला. त्या वयात माणसाला सगळं ठाऊक असतं. मी हसून म्हणालो होतो, "बाबा, ह्याच्यावर आता गिलावा येणार. भिंतीच्या आत कोण वाचणार आहे?"

त्यांनी मान वर न करता सांगितलं होतं, "जो फोडील तो."

जो फोडील तो म्हणजे मी निघालो. पत्ता न घातलेलं हे पत्र एकोणपन्नास वर्षांनी बरोबर माझ्याच हातात पडलं होतं.

"फिटर होते का हो तुमचे वडील?" पोरानं विचारलं.

"नाही. रेल्वेत कारकून."

"मस्त काम केलंय. पण तपासायला पाहिजे."

मला क्षणभर राग आला. पाटीवर स्पष्ट लिहिलंय, लिहिणारा माझा बाप आहे, आणि हा काल आलेला पोरगा म्हणतो तपासायला पाहिजे! मग माझं लक्ष पाटीवरच्या शेवटच्या दोन शब्दांकडे गेलं. पोरगा बाबांवर अविश्वास दाखवत नव्हता. तो बाबांचं ऐकत होता. पाटी खरी असते ती लिहिली त्या दिवसापुरती. मध्ये एकोणपन्नास वर्षं गेली. कोणी काय जोडलं, काय तोडलं, बाबांना काय माहीत? आपला शब्द खरा असला तरी तो शिळा होतो, हे ओळखून आपल्याच शब्दाखाली 'तरी तपासावे' असं लिहायला फार मोठा माणूस लागतो. मी एकतीस वर्षं जे शिकवलं त्याच्या खाली हे शब्द एकदाही लिहिले नाहीत.

नळाचं दुसरं तोंड जिन्यात, जुन्या मीटरच्या जागी सापडलं. बूच जागच्या जागी. खिडक्या-दारं उघडी ठेवून, यंत्र शेजारी धरून, पोरानं पान्यानं ते हळूहळू सैल केलं. सफेदा आणि ताग लावून बसवलेलं ते बूच करकरलं, पण सुटलं. आत गॅसबिस काही नव्हता. थोडी गंजाची भुकटी पडली आणि जिन्यात वास पसरला तो चक्क डांबरगोळ्यांचा! कोळशाच्या वायूबरोबर नॅप्थलीन यायचं आणि नळात धरून बसायचं, आणि डांबरगोळी म्हणजे तेच. बाबांची लोखंडी ट्रंक उघडली की हाच वास यायचा. मी थोडा वेळ जिन्याच्या पायरीवर बसलो. धूळ गेली असेल डोळ्यांत.

जिना चढून परत आलेल्या आप्पांनी ह्या वेळी मोकळ्या हातांनी एक सूचना केली. "आयता नळ आहे की! त्यातूनच घ्या नवा गॅस. कपाटही हलवायला नको." पोरगा हसला. "नाही चालायचं, आप्पा. तो जुना गॅस ओलसर असायचा, त्यात हा ताग फुगून राहायचा. आत्ताचा गॅस कोरडा. ताग वाळणार, सांधे गळणार." मेलेला नळ पुन्हा कामाला लावू नये, निवृत्त प्राध्यापकाचंही तसंच असतं.

आणि मग, सामान आवरता आवरता, पोराचं लक्ष कपाटाकडे गेलं. त्यानं मीटरजवळच्या टीपासून पिवळ्या नळीवर नजर फिरवत नेली. नळी प्लायवूडपाशी जाऊन नाहीशी झाली.

"काका, आणि हे?"

मी काही बोललो नाही. मिस्त्री एकदम गॅलरीत काहीतरी बघायला गेला.

"पण कॉक बंद आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कॉपी करताना पकडलेल्या विद्यार्थ्यासारखा वाटला.

"कॉक बंद असणं म्हणजे बंद नाही, काका."

हे वाक्य मी त्या दिवसापासून घोळवतो आहे. आपल्या भाषेत 'बंद' हा शब्द फार सैल वापरला जातो. दुकान बंद म्हणजे उद्या दहाला उघडणार. घड्याळ बंद म्हणजे किल्ली द्या. मुंबई बंद म्हणजे पत्ते काढा. माझं एका चुलत भावाशी अठरा वर्षं बोलणं बंद आहे; पण ते कॉकचं बंद आहे. कुणाच्या लग्नात कोपराचा नुसता धक्का लागला तरी उघडेल, आणि त्यातून काय बाहेर येईल ह्या भीतीनं नातेवाईक आम्हांला वेगवेगळ्या पंगतींना बसवतात. कॉक पाव फेऱ्यात बंद होतो, आणि पाव फेऱ्यातच उघडतो. एखादं डबं सरकलं, मुलाचा हात लागला, आतली बैठक झिजली, की झालं. कॉकपर्यंत गॅस चोवीस तास येऊन उभाच असतो. म्हणून त्याच्या उघड्या तोंडाला बूच लागतं. आणि खरं म्हणजे जी फांदी लागणारच नाही ती मुळाशी, टीपाशीच, कापून तिथं बूच मारायचं, म्हणजे पुढच्या नळीत काही राहतच नाही. बाबांनी नळ बंद केला होता तो असा. मी केला होता तो 'कोण बघतंय' असा.

"पण वास आला असता की!" आप्पा म्हणाले.

आला असता. पण तो वास गॅसचा नव्हे. नैसर्गिक वायूला मुळात वासच नसतो. १९३७ साली अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या न्यू लंडन गावी एका शाळेच्या तळघरातल्या पोकळीत असा बिनवासाचा वायू साचत गेला. खर्च वाचवायला शाळेनं वायूची एक फुकटातली नळी जोडून घेतली होती. १८ मार्चला, शाळा सुटायला थोडीच मिनिटं उरली असताना, विजेच्या एका यंत्राची ठिणगी पडली. जवळजवळ तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. कोणाला आधी काही कळायला मार्गच नव्हता. त्याच वर्षी टेक्ससमध्ये कायदा झाला, की गॅसला मुद्दाम दुर्गंधी लावलीच पाहिजे. आज आपल्या नाकाला जो कुजका वास येतो तो म्हणजे गॅसच्या अंगावर बांधलेली पाटीच आहे: 'मी इथं आहे. तपासावे.' आणि मी ती पाटी सनमायकाच्या कपाटामागं कोंडून ठेवली होती, जिथं तिला वाचायला नाकच नव्हतं.

आप्पांचं समाधान झालं नाही. ते व्यवहारी. "अहो, तुम्ही आहात, नळी कुठं आहे ते तुम्हांला ठाऊक आहे. पुढचं पुढं. आप मेला, जग बुडाला! आणि वीस वर्षं झाली, ही इमारत पुनर्विकासाला जाणार जाणार म्हणतात. बिल्डर सगळं मोडूनच टाकील."

आप्पांच्या बोलण्यात सगळा पेच आला. नळी कुठं आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मला तिचा धोका नाही. धोका आहे तो ज्याला ठाऊक नाही त्याला. उद्या कुणी हे घर घेईल, भिंतीवर देवघर टांगायला ड्रिल लावील. त्याचं नाव मला माहीत नाही. तो कदाचित अजून जन्मलाही नसेल. त्यानं माझं काही केलेलं नाही, पुढं कधी माझे आभार मानायलाही येणार नाही. त्याचं मी काही लागतो का? आपल्याकडे माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो असं सांगतात. त्यांतलं पितृऋण मला नेहमी मोठं चमत्कारिक वाटे. कर्ज बापाचं, आणि फेडायचं मात्र पुढच्या पिढीत! हा कुठला हिशेब? त्या दिवशी पत्र्याचा तुकडा हातात धरून उभा असताना तो हिशेब मला प्रथमच जुळल्यासारखा वाटला. बाबांना पाटी परत करता येत नाही. ती पुढंच द्यावी लागते. आणि इमारत मोडायला बिल्डर येईल असं जरी धरलं, तरी भिंतीवर घण घालणारा बिल्डर नसतो. तो कुणीतरी रोजंदारीचा पोरगा असतो.

"कपाट काढा," मी म्हणालो.

मिस्त्री गॅलरीतून आला. सुताराला पुन्हा बोलवायचं म्हणजे काय, ह्यावर त्यानं पाच मिनिटं प्रवचन दिलं. ते मी शांतपणे ऐकलं. एकतीस वर्षं लोकांनी माझी ऐकली होती. सुतार पुढं नऊ दिवस आला नाही. नऊ दिवस आमची भांडी हॉलमध्ये सोफ्यावर होती आणि आम्ही उभे होतो. पण पोरानं त्याच संध्याकाळी मीटरची चावी बंद ठेवून जुनी फांदी टीपासून काढली, तिथं धातूचं बूच घट्ट बसवलं, त्यावर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. मग पुन्हा यू-ट्यूब. पाणी उभं राहिलं ते हललं नाही. पिवळ्या नळीचे सुटे तुकडे तो बरोबर घेऊन गेला. त्या नळीला पाटीची गरजच उरली नाही. उत्तम बंदोबस्त तो हाच, की पाटी लिहायचं कारणच उरू नये.

जुना लोखंडी नळ मात्र राहिला. तो काढायचा म्हणजे सबंध भिंत फोडायची, आणि भिंतीपलीकडे आप्पांचं देवघर. पोरानं त्याचं बूच पुन्हा बसवून दिलं. मग पाटीचा प्रश्न आला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी फोटो काढून ठेवतो क्लाउडवर. भिंतीचं माप, नळाची जागा, सगळं."

कल्पना चांगली होती. फोटो काढलेही. पण मी विचार केला, छिन्नी घेऊन उभा असलेला माणूस आधी ढगात बघायला जाईल का? बाबांनी हे एखाद्या वहीत लिहिलं असतं तर ती वही कधीच रद्दीत गेली असती, आणि तीही बहुधा माझ्याच हातून. माहिती शहाणी असून उपयोग नाही. जिथं घाव पडणार तिथं ती आडवी यायला हवी.

मी ऑइलपेंटची छोटी डबी आणली. पाटी घासून साफ केली. बाबांच्या चार ओळींना हात लावला नाही. त्यांच्या खाली लिहिलं: 'सन २०२३ त तपासले. बंदच आहे.' हात थरथरतो, त्यामुळे अक्षर बाबांच्या मानानं गचाळ आलं. नापास करावं असं. मग बराच वेळ ब्रश हातात धरून बसलो, आणि शेवटी बाबांचेच दोन शब्द खाली पुन्हा लिहिले.

गवंडी टाइल हातात घेऊन खोळंबला होता. माल वाळत चालला होता. तो मागून डोकावला आणि म्हणाला, "साहेब, लिहिताय कशाला? ह्याच्यावर आता टाइल येणार. आत कोण वाचणार?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एकोणपन्नास वर्षं तयार होतं. पण मी नुसती मान हलवली आणि म्हणालो, "लाव."

त्यानं टाइल लावली. वरून मुठीनं दोनदा ठोकली, बाजूला झाला आणि घाम पुसत म्हणाला, "बाकी परवा ती पाटी दिसली म्हणून बरं झालं, साहेब. मी अजून जोरात मारणार होतो."